दिलेला शब्द आणि ठाकुरवाडीची जमीन

जमिनीचा सौदा ठरला, इसार घेतला, साठेखतावर सह्या झाल्या. आणि खरेदीखत होण्यापूर्वी दोघांपैकी एकाने पाऊल मागे घेतले. आपल्या धर्मग्रामांतील क्वचितच एखादे घराणे असेल, ज्याला अशी घटना अपरिचित आहे. कधी विकणाऱ्यास अधिक भाव देणारा दुसरा भेटतो, कधी विकत घेणाऱ्याची ऐपत आटते, तर कधी घरातलाच एखादा वाटेकरी सहीला नकार देतो. अशा वेळी आपण वकिलाचा उंबरठा झिजवतो आणि एकच प्रश्न विचारतो : न्यायालय काय म्हणेल? आपली सदसद्विवेकबुद्धी काय म्हणते, हा दुसरा प्रश्न मात्र कागदपत्रांच्या पुडक्यात बहुधा न विचारताच राहून जातो.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे इतिहासाच्या साहाय्याने शोधू पाहतो, आणि त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातील ठाकुरवाडीचा आधार घेतो. वचन देणे म्हणजे काय, ते मोडणे म्हणजे काय, आणि कोणाला ते मोडण्याचा अधिकार असावा, या तिन्ही प्रश्नांनी त्या भूमीला दीडशेहून अधिक वर्षे छळले आहे.

घाटातला मक्ता

ठाकुरवाडी हे एकाच गावाचे नाव नव्हे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि त्याच्या सोंडांवर, ठाकूर समाजाच्या अनेक वस्त्या याच नावाने ओळखल्या जातात. क-ठाकूर आणि म-ठाकूर असे या समाजाचे दोन पोटभेद. बदलापूरचे अभ्यासक ल. ना. चापेकर यांनी या डोंगरकरांविषयी लिहिलेला 'ठाकूर्स ऑफ द सह्याद्री' हा इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. थोडा भात, वरकस जमिनीवर नाचणी-वरी आणि बाकीचा आधार रानाचा, असा या समाजाचा पिढीजात संसार. मुंबईहून पुण्याकडे जाणारी आगगाडी पळसदरी सोडून बोरघाट चढू लागते, तेव्हा वाटेत लोहमार्गावरील एका ठाण्यालाही ठाकुरवाडी हेच नाव आहे. आपल्यापैकी हजारोंनी ते नाव खिडकीतून वाचले असेल.

हा लोहमार्ग बांधला गेला तोच मुळी एका मोडलेल्या करारातून. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने १८५५ साली बोरघाटाचा मक्ता विल्यम फॅव्हिएल या इंग्रज ठेकेदारास दिला आणि १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. सुमारे पंधरा मैलांची चढण आणि पंचवीस बोगदे, असा तो प्रचंड पसारा होता. पोटठेकेदारांकडे मजुरी थकू लागली आणि १८५९ च्या जानेवारीत कर्जतच्या परिसरात मजुरांचा असंतोष दंग्याच्या रूपाने उफाळून आला. त्याच वर्षी फॅव्हिएलने मक्ता सोडला. कंपनीशी हिशेब मिटवून तो मोकळा झाला. पुढे हे काम सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. पण भारतात पाऊल ठेवल्यानंतर काही आठवड्यांच्या आतच तो मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने पतीच्या मृत्यूचे कारण पुढे करून इंग्लंडची वाट धरली असती, तर तिला कोणी नावे ठेवली नसती. तिने तसे केले नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती व्यवस्था देऊन तिने तो मक्ता पुरा केला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले.

याच १८५९ सालातील आणखी एक गोष्ट या चित्राशेजारी ठेवली पाहिजे. त्या वर्षी सरकारने तेरावा कायदा मंजूर केला. आगाऊ रक्कम घेऊन काम अर्धवट टाकणाऱ्या कारागिराला अथवा मजुराला फौजदारी न्यायालयात खेचण्याची सोय त्या कायद्याने केली. तो प्रथम मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठी होता. अन्यत्र लागू करण्याची तरतूदही त्यात होती. काम पुरे कर किंवा उचल परत दे, हा न्यायाधीशाचा हुकूम मजुराने पाळला नाही, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास घडू शकत असे. मोठ्या ठेकेदाराने करार सोडला की त्याचे नाव तडजोड. मजुराने सोडला की त्याचे नाव गुन्हा. १९२५ साली तो कायदा रद्द ठरवला जाईपर्यंत साठ वर्षांहून अधिक काळ हा भेद कायद्याच्या पुस्तकात उभा होता. वचनभंगाची चर्चा करताना पहिला धडा येथेच मिळतो : वचन कोणी मोडले याइतकेच, मोडणाऱ्याच्या आणि पाळणाऱ्याच्या अंगी बळ किती होते, हेही पाहावे लागते.

सत्यंकार आणि अनुशय

खरेदी-विक्रीतून माघार घेण्याचा प्रश्न आपल्या देशात इंग्रजांबरोबर आला, असे समजण्याचे कारण नाही. प्राचीन धर्मशास्त्रकारांनी न्यायालयात येणाऱ्या वादांची जी अठरा प्रकरणे कल्पिली, त्यांत 'क्रयविक्रयानुशय' या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. अनुशय म्हणजे मागाहून होणारा पश्चात्ताप. विकून किंवा विकत घेऊन ज्याला पस्तावा होईल त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी अथवा घ्यावी, त्यानंतर मात्र नाही, असा दंडक मनुस्मृतीत सांगितला आहे. माणसाचे मन चंचल असते हे मान्य करायचे, परंतु त्या चंचलतेला कालमर्यादा घालायची, असा हा व्यवहारी विचार आहे.

याज्ञवल्क्य स्मृतीत आजच्या इसाराला एक सुंदर शब्द योजला आहे : सत्यंकार. सौदा खरा करण्यासाठी दिलेले द्रव्य, असा त्याचा अर्थ. ते घेऊन जो उलटेल त्याने दुप्पट परत करावे, असा नियम तेथे आहे. आश्चर्य असे की, सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनने सिद्ध केलेल्या कायद्याच्या पाठ्यग्रंथातही जवळपास हाच नियम आढळतो. विकत घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडाला. विकणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यावा. दोन दूरच्या संस्कृतींनी एकच न्याय सांगावा, याचे कारण उघड आहे. शब्दावर विसंबून दुसऱ्याने आपले पाऊल उचललेले असते आणि त्याचे मोल शब्द मोडणाऱ्याने चुकवले पाहिजे, हे माणसाला सर्वत्र उमगले आहे.

मराठेशाहीच्या काळात मिरासी जमीन अथवा वतन विकले जाई, तेव्हा कागद गोतसभेसमोर होई. पाटील, कुलकर्णी, शेजारचे मिरासदार, बलुतेदार यांच्या साक्षी त्यावर पडत. हा व्यवहार केवळ दोघांचा नाही, तो साऱ्या गावाचा आहे, ही त्यामागील भावना होती. आपण राजीखुशीने विकतो आहोत, असे विकणारा चारचौघांत सांगे. आजही प्रत्येक खरेदीखतात अक्कलहुशारीने आणि स्वसंतोषाने लिहून दिल्याचे शब्द असतात. ते इतक्या सवयीने टंकलिखित होतात की त्यांचा अर्थ कोणी तपासत नाही. आणि ठाकुरवाडीचा सारा इतिहास नेमका त्या दोन शब्दांभोवती फिरतो.

पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभा

बायबलमध्ये जमिनीचे व्यवहार कितीतरी आहेत. साराच्या दफनासाठी अब्राहामाने एफ्रोनाकडून मकपेलाची गुहा घेतली, ती गावाच्या वेशीत, सर्वांदेखत, चारशे शेकेल रुपे तोलून देऊन. एफ्रोन फुकट द्यावयास निघाला होता. अब्राहामाने पुरी किंमत दिली, कारण फुकट घेतलेल्या जमिनीवरचा हक्क उद्या डळमळेल हे तो जाणून होता. यिर्मया संदेष्ट्याची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, संदेष्टा स्वतः कैदेत आहे आणि नगर पडणार हे त्यानेच सांगितले आहे. तरीही चुलतभाऊ हनामेल याचे अनाथोथ येथील शेत तो सतरा शेकेल देऊन विकत घेतो आणि खरेदीचे लेख मातीच्या मडक्यात जपून ठेवावयास लावतो. ज्या जमिनीची किंमत त्या दिवशी शून्य होती, तिचा सौदा त्याने साक्षीदारांसमोर पुरा केला.

पंधराव्या स्तोत्रात देवाच्या सान्निध्यात राहण्यास पात्र ठरणाऱ्या माणसाची लक्षणे दिली आहेत. तोटा सोसूनही शब्दाला जागणे हे त्यांतील एक. गिबोनच्या लोकांनी कपटाने यहोशवाकडून अभयवचन मिळवले, तरी इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी ते पाळले. आणि पुढे शौल राजाने ते मोडले, तेव्हा त्याचे प्रायश्चित्त दाविदाच्या काळातील दुष्काळाने भोगावे लागले. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने शपथांची गरजच नाकारली : होकार हा होकारच असावा आणि नकार हा नकार.

तथापि त्याच पवित्र शास्त्रात दुसऱ्या बाजूचेही दाखले आहेत. हेरोदाने भर मेजवानीत दिलेला शब्द पाळला, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे मस्तक तबकात आले. तो शब्द मोडणे हेच पुण्य ठरले असते. नाबोथाने तर आपल्या पूर्वजांचा द्राक्षमळा अहाब राजाला विकण्यास मुळातच नकार दिला, आणि त्या नकारासाठी त्याला जीव गमवावा लागला. बलवानासमोर गरिबाला 'नाही' म्हणता येते काय, हा प्रश्न त्या कथेने कायमचा उभा केला.

ख्रिस्तसभेने या दोन्ही बाजू सांभाळल्या. चौथ्या शतकाच्या मध्यावर कार्थेज येथे भरलेल्या धर्मसभेपुढे दोन बिशपांचा वाद आला. आपापसांत केलेला करार एकाने मोडला होता. करार पाळलाच पाहिजे, नाहीतर धर्मशिस्तीला तोंड द्यावे लागेल, असा निर्णय झाला. पेनाफोर्टचे संत रेमंड यांनी पोप नववे ग्रेगरी यांच्या आज्ञेवरून संकलित केलेल्या आणि १२३४ साली प्रसृत झालेल्या धर्मनियमांत तो निर्णय समाविष्ट झाला. त्यावरून, कोणताही विधी वा मुद्रा नसलेला साधा शब्दसुद्धा बंधनकारक असतो, हे तत्त्व युरोपच्या कायद्यात रुजले. रोमन कायदा केवळ तोंडी ठरावाच्या आधारे दावा करू देत नसे. ख्रिस्तसभेने मात्र शब्द मोडणे हे पापाच्या सदरात धरले.

संत थॉमस अक्विनस यांनी या तत्त्वाला दोन अपवाद सांगितले. जे वचन दिले ते मुळातच अधर्माचे असेल, किंवा माणसांची आणि प्रसंगाची स्थिती पालटली असेल, तर वचन न पाळणारा दोषी ठरत नाही. किमतीविषयीचा त्यांचा विचारही मननीय आहे. रोमन कायद्यानुसार न्याय्य किमतीच्या निम्म्याहून कमी दाम मिळाला असेल, तरच विकणाऱ्याला सौदा मोडता येई. त्यावर संत थॉमस म्हणतात की, मानवी कायदा अनेक गोष्टींना शिक्षा न देता सोडून देतो. ईश्वरी नियमापुढे मात्र किमतीतील लक्षणीय अन्यायाची भरपाई करावीच लागते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात हाच विचार मजुरीच्या कराराला लावला. भुकेने गांजलेल्या कामगाराने अपुऱ्या वेतनाला दिलेली संमती ही खरी स्वतंत्र संमती नव्हे, असे त्यांनी जगाला बजावले. करार नेकीने पाळावेत, परंतु त्यांतील बांधिलकी नैतिकदृष्ट्या न्याय्य असेल त्या मर्यादेत, ही ख्रिस्तसभेची आजचीही शिकवण आहे.

कागदावरचा अंगठा

आता पुन्हा कर्जतकडे वळू. १८८२ साली छापलेल्या गॅझेटियरमध्ये कर्जतचे वर्णन ठाणे जिल्ह्याच्या खंडात आहे. पुढे हा तालुका कुलाबा जिल्ह्यात आला, आणि १९८१ पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. १८७२ चा करार कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा यांनी व्यवहाराला नवे रूप दिले. कागद आणि त्यावरची सही किंवा अंगठा हाच आता सर्वश्रेष्ठ पुरावा ठरला. गोतसभेची वेस गेली आणि कचेरीचे टेबल आले. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता.

कागदाची ही सत्ता किती घातक होऊ शकते, हे १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावाने दाखवले. त्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी मदतीचा कायदा केला. लेखी कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता, हे न्यायाधीशाने तपासावे, अशी मुभा त्यात होती. सहीमागची संमती खरी होती काय, हा प्रश्न तेथे कायद्याने विचारला.

१९०१ साली मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याची मोकळीक राहू नये, असा त्याचा आशय होता. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला आणि निषेध म्हणून कायदे मंडळातून सभात्याग केला. त्यांचा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नव्हता. शेतकऱ्याला जमीन विकता येणार नसेल तर तिच्यावर त्याला कर्ज कोण देईल? आणि संरक्षणाच्या नावाखाली प्रौढ माणसाला अज्ञान बालकाच्या पंक्तीत बसवायचे काय? हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

दरम्यान डोंगरावर वेगळ्याच प्रकारचे सौदे चालू होते. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की आदिवासी व्यापाऱ्याकडून धान्य किंवा रोकड उचलत असे आणि उभे पीक, गवत वा रानचा माल ठरलेल्या कमी भावाने त्यालाच घालण्याचे कबूल करीत असे. या पद्धतीला पालेमोड म्हणत. हाही खाजगी विक्रीचा करारच होता. फक्त त्याचा भाव भुकेने ठरवलेला असे. सुगीत बाजारभाव चढला म्हणून कोणी माल दुसरीकडे नेला, तर तो बेइमान ठरे. माथेरानचे वकील आणि क्रांतिकारक विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी या परिसरात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उघडल्या, त्या याच फासातून सुटका व्हावी म्हणून. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले, हे सर्वश्रुत आहे; त्यांच्या धान्यकोठ्या मात्र फारशा कोणाच्या स्मरणात नाहीत. करार मोडण्याचा उपदेश करत न बसता, असा करार करण्याची पाळीच येऊ नये, अशी व्यवस्था त्यांनी उभी करू पाहिली.

विकलेली जमीन परत

स्वातंत्र्यानंतरही आदिवासींच्या जमिनी हातोहात जात राहिल्या. अखेर १९७४ साली महाराष्ट्राने दोन पावले उचलली. ६ जुलै १९७४ पासून अमलात आलेल्या महसूल संहितेतील दुरुस्तीने, परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे होण्यास बंदी घातली. अशा विक्रीला जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी आणि तिच्याआधी राज्य शासनाची मान्यता लागते. दुसरा कायदा याहून धाडसी होता. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या शेतजमिनी मूळ आदिवासी मालकांना परत देण्याची तरतूद त्याने केली, आणि तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला.

साध्या भाषेत सांगायचे तर राज्याने हजारो झालेले सौदे उलटवण्याचा अधिकार निर्माण केला. हा वचनभंग नव्हे काय? विकत घेणाऱ्यांपैकी काहींनी रोख पैसे मोजले होते, घाम गाळून बांधबंदिस्ती केली होती. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९८४ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. दुबळ्याचे बळवंताकडून होणारे शोषण थांबवणे आणि विषम स्थितीतील सौद्यांची पुन्हा छाननी करणे हे समन्यायी वाटपाचेच अंग आहे, असा त्या निकालाचा रोख होता.

एक तपशील या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जमीन परत मिळवणाऱ्या आदिवासीवरही कायद्याने बोजा ठेवला. आकाराच्या ४८ पट रक्कम किंवा प्रत्यक्ष मिळालेली किंमत, यांपैकी जे कमी असेल ते, शिवाय दुसऱ्याने केलेल्या सुधारणांचे मोल, त्याने हप्त्यांनी परत करायचे होते. म्हणजे सौदा मोडला तरी घेतलेल्याचा विसर पडू दिला नाही. सत्यंकाराचा जुना न्याय येथे सौम्य रूपाने पुन्हा भेटतो.

गोखल्यांच्या आक्षेपाचे काय? परवानगीची अट ठाकुराला आजही जाचू शकते. मुलीचे लग्न, आजारपण, शिक्षण यांसाठी त्याला जमीन विकायची असेल, तर कचेरीच्या खेपा त्याच्या वाट्याला येतात. पण येथे एक फरक केला पाहिजे. त्याला शब्द देता येत नाही असे कायदा म्हणत नाही. त्याच्या शब्दाची बाजारात कोणी लूट करू नये, म्हणून तो साक्षीदार मागतो. जुनी गोतसभा जे करीत होती तेच काम, कितीही अपुऱ्या रीतीने का होईना, ही परवानगी करते.

आपल्या उंबरठ्यावर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला, आणि कर्जत-खालापूरच्या माळरानांना शेतघरांचे भाव आले. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घ्यायची नाही, हा १९४८ च्या कूळ कायद्याचा नियम. म्हणून साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या आडून व्यवहार होऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले की, कुलमुखत्यारपत्राने जमिनीची मालकी मिळत नाही. थोडा इसार देऊन जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवायची आणि मधल्या मध्ये तिसऱ्याला चढ्या भावाने द्यायची, ही दलालीही सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे शब्द मोडणारा शेतकरी दिसतो. शब्दाचा पोकळपणा मात्र आधीपासूनच दुसऱ्या बाजूला असतो.

या साऱ्या इतिहासातून आपल्या कुटुंबांसाठी काय हाती लागते? आमच्या मते पहिली गोष्ट ही की, ठाकुराचा युक्तिवाद आपल्याला उसना घेता येत नाही. वसईतील, ठाण्यातील अथवा अलिबागेतील सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंब वकिलाचा सल्ला घेऊन, चार ठिकाणी भाव विचारून, साठेखत करते. सहा महिन्यांनी भाव दीडपट होतो. 'परिस्थिती पालटली' असे तेव्हा म्हणणे हा संत थॉमस यांच्या शब्दांचा दुरुपयोग आहे. भाव चढेल किंवा उतरेल, ही अनिश्चितता दोघांनी वाटून घ्यावी, यासाठीच तर करार असतो. चढल्यावर तो मोडायचा आणि उतरल्यावर समोरच्याने पाळावा अशी अपेक्षा धरायची, हे अप्रामाणिकपणाचे दुसरे नाव आहे. १८७७ चा आणि पुढे १९६३ चा विशिष्ट अनुतोष कायदा न्यायालयाला असा करार पुरा करण्यास लावण्याचा अधिकार देत आला, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर हा अधिकार न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिलेला नाही. कायदा या बाबतीत विवेकाच्या जवळ आला आहे.

दुसरी गोष्ट, जे आपले नाही त्याचा शब्द आपण देऊ शकत नाही. भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा वारसा कायदा लागू होतो, आणि त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. थोरला भाऊ बहिणींना न विचारता इसार घेतो, आणि मग सही न करणाऱ्या बहिणीवर वचनभंगाचा ठपका ठेवला जातो. वचन तिने दिलेच नव्हते. दोष असलाच तर तो तिच्या वाट्याचा शब्द परस्पर देणाऱ्याचा.

तिसरी गोष्ट, माघार घेणे खरोखर अपरिहार्य झाले, तर ती कशी घ्यावी याचीही नीती आहे. घरातला कर्ता अंथरुणाला खिळला, बँकेने कर्ज नाकारले, राहते छप्परच जाण्याची वेळ आली, असे प्रसंग येतात. तेव्हा कारण खरे सांगावे आणि लवकर सांगावे. इसार मागण्याची वाट न पाहता परत करावा. आणि समोरच्याने आपल्या शब्दाच्या भरवशावर केलेला खर्च भरून द्यावा. कायदा मागेल तेवढेच देऊन थांबणारा माणूस कायद्यापुढे सुटतो. शेजाऱ्यापुढे सुटतोच असे नाही. आणि ज्याला माघारीचा फटका बसला, त्यानेही समोरच्याची अडचण खरी असेल तर तिचा बाजार मांडू नये.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण ती विकत घेणाऱ्याला उद्देशून आहे. आपल्यापैकी अनेकांनी कर्जत-खालापुरात जमिनी घेतल्या आहेत आणि घेत आहेत. तेथे सौदा पक्का करण्यापूर्वी सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत समोरच्या माणसाकडेही पाहावे. तो 'नाही' म्हणू शकत होता काय? त्याला बाजारभाव ठाऊक होता काय? त्याच्या घरातील स्त्रियांना हा व्यवहार माहीत आहे काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्याच्या अंगठ्याखालील कागद कितीही पक्का असो, तो अ‍ॅलिस ट्रेडवेलने निभावलेल्या शब्दाच्या जातीचा नव्हे. पालेमोडीच्या जातीचा आहे. असा सौदा उद्या त्याने मोडू पाहिला, तर त्याला बेइमान म्हणण्याचा अधिकार आपण आजच गमावलेला असतो.

दिलेला शब्द पाळावा, ही शिकवण ख्रिस्ती माणसाला बालपणापासून मिळते, आणि ती योग्यच आहे. तिच्या आधी येणारी दुसरी शिकवण अधिक कठीण आहे : ज्याला नकार देण्याची सोय नाही, त्याच्याकडून होकार घेऊ नये. पहिली पाळली तर न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. दुसरी पाळली तर ठाकुरवाडीच्या कोणत्याही पायवाटेवरून आपल्याला मान वर करून चालता येईल.